ऑर्कटचं घर

नेडीन,

चर्चच्या पत्रकात तुझ्यावर श्रद्धांजलीच्या चार ओळी आल्या. "शांत आणि मनमिळाऊ." ही कोण बाई, मला कळेना. म्हणून मीच लिहायला बसले.

तू रेल्वे रुळांच्या खालच्या गरीब वस्तीतली, नदी जिथे बर्फ वितळला की अंगणात येते तिथली. कोर्टाच्या चौकातून एक रस्ता खाली तुमच्याकडे जातो आणि एक वर नॉर्थ हिलला. डेपो स्ट्रीटवर अर्ध्या काउंटीचे केस कापून तू तो वरचा रस्ता चढलीस आणि डॉक्टर ऑर्कटच्या विधवेकडून विटांचं घर घेतलंस. घर तुझं झालं, पण नाव ऑर्कटचंच राहिलं. आपल्याकडे असंच चालतं. गिरणी जळून पिढी उलटली, तरी पाहुण्याला आपण 'गिरणीपाशी डावीकडे वळा' असंच सांगतो आणि तो वळत नाही म्हणून वैतागतो.

मग तुझ्या धुराड्याने पेट घेतला. तू फोनवर सांगितलंस, नेडीन स्ट्रूपच्या घरी या. बंब घंटा वाजवत थेट रुळांच्या खाली गेला, तुझ्या आईने केव्हाच विकलेल्या घरी. तिथली माणसं निवांत जेवत होती. बंब टेकडी चढून येईपर्यंत तुझ्या स्वयंपाकघराची भिंत काळी झाली होती.

बंबावरचा व्हर्ल हेस्टी तुलाच बोलला. "नेडीनबाई, ऑर्कटचं घर म्हणायचं की सरळ."

"व्हर्ल, ऑर्कट मेला तेव्हा हे घर गळत होतं. छप्पर मी घातलंय."

"छप्पर तुमचंच हो. घर ऑर्कटचं."

पुढे नॉर्थ हिल ऐतिहासिक वस्ती ठरली आणि घराघरावर पितळी पाट्या लागल्या. मी त्या समितीवर होते. पाटीवर तुझं नाव घालावं असं मी सुचवलं, तर बाकीच्यांनी कॉफी ओतून घ्यायला सुरुवात केली. पाटी ऑर्कटच्या नावाची लागली. तू ती रोज पुसायचीस, आणि रोज तिला शिव्या द्यायचीस.

मीच एकदा चिडून म्हणाले, "तुझं नाव लागायला हवं असेल तर घर सोड. खालच्या घराचं बघ, सोडलंस तेव्हाच ते तुझं झालं."

तू हसली नाहीस. गुडघे गेल्यावर तू घर एका तरुण जोडप्याला विकलंस आणि बाह्यवळणावरच्या वृद्धाश्रमात गेलीस. हिवाळ्याच्या तोंडावर तो नवा मुलगा हार्डवेअरच्या दुकानात रंग घ्यायला आला. व्हर्ल गल्ल्यापाशी होता. पत्ता ऐकून म्हणाला, "म्हणजे नेडीनच्या घरात राहता तुम्ही."

मी मागेच रांगेत होते; तशीच गाडी काढून तुझ्याकडे आले. तुझा विश्वास बसेना.

"मला बरं वाटावं म्हणून सांगतेयस."

"मी कधी कोणाला बरं वाटावं म्हणून काही सांगितलंय?"

"नाही," तू म्हणालीस. "तेही खरंच."

तरी तुला ते स्वतःच्या कानांनी ऐकायचं होतं. स्कार्फ बांधून, काळा चष्मा लावून चौकात रस्ता विचारते म्हणालीस. तुझा आवाज न ओळखणारं डोकं या गावात आहे का? शेवटी ठरलं ते असं: ईस्टरला माझी भाची कोलंबसहून येईल. गाडी तिची, नंबर परगावचा. कोर्टाच्या कोपऱ्यावर काच खाली करून ती ऑर्कटचं घर विचारेल, आणि मागच्या सीटवर पांघरुणाखाली तू ऐकशील, लोक काय म्हणून सांगतात ते. खोकला आला तर काय, एवढीच तुला काळजी होती.

तू त्याआधीच, बर्फ वितळायच्या आत वारलीस. ईस्टरला भाची आली. चर्चहून परतताना कोर्टाच्या कोपऱ्यावर सिग्नल लाल होता. व्हर्ल तिथेच बाकावर बसला होता आणि भाचीने काच खालीच ठेवली होती.

मागची सीट रिकामी होती. मी तिला म्हटलं, हिरवा झालाय, चल.