नळाची समजूत काढणारे आमचे घरमालक

भिवंडी तालुक्यात नळाशी गप्पा मारणारा माणूस एकच आहे आणि मी त्याची भाडेकरू आहे. हा नळ पाण्याचा नव्हे, घरमालक काकांच्या बीअरच्या टाकीचा. राहनाळला त्यांच्या भाताच्या जमिनीवर गोदामं उभी राहिली आणि काकांच्या हातांना काम उरलं नाही. दुसऱ्या कुणी गोदामांच्या भाड्यातून मोठी गाडी घेतली असती. काकांनी घरीच बीअर करायला घेतली. तीही नुसत्या जवाची नाही, त्यात गहू आणि ओट्स घालून, कारण कुठल्याशा व्हिडिओत एका माणसाने हे नवशिक्यांनी करू नये असं सांगितलं होतं. काकांना काही करू नका म्हटलं की ते आधी त्यासाठी लागणारी भांडी घेऊन येतात.

मी परभणीकडची. नववीत शाळा सुटली, पुढे लग्न झालं, नवऱ्यामागे इकडे आले. तो ट्रकवर असतो, मी इथल्याच पूर्णा गावच्या गोदामात पॅकिंगला. मला धसका लवकर बसतो. घरमालक बीअर शिजवतात हे कळलं त्या दिवशी मी नवऱ्याला फोन करून खोली बदलू म्हणाले होते. मग धीर करून काकांनाच विचारलं, "काका, पोलीस आले तर मी काय सांगू?"

"सांग, काका म्हशीला आंबोण शिजवतंय."

ते अगदीच खोटं नव्हतं. रस काढून उरलेला चोथा म्हैस खात असे, आणि काकांच्या बीअरचं मनापासून कौतुक करणारी तोवर ती एकटीच होती.

गच्चीवर गव्हाला मोड आणायचे ठरले की आमची दोरी जायची. "कपडे आत वाळवा, गहू झोपलेत," असं काका जिन्यातून हळू आवाजात सांगत. खिशात पेनाच्या जागी थर्मामीटर असे. काकूंनी चहा दिला की आधी तो चहात बुडे आणि मग, "वाईच थांबू, अजून गरम हाय." पिठाच्या गिरणीत तर त्यांना बघून गिरणीवाला मागच्या दाराने जायचा, कारण काका मूठभर भरड तळहातावर घेऊन फुंकर मारत आणि पीठ उडालं की म्हणत, "बारीक झालं. परत दुसरं दळ."

या सगळ्यामागे एकच दुखणं होतं. दळलेलं धान्य टाकीत गरम पाण्यात भिजवून त्याचा गोड रस खालच्या नळाने काढायचा असतो, आणि गहू-ओट्सची टाकी तुंबते. मला हे लगेच कळलं, कारण कुरडयांचा चीक मी लहानपणापासून ढवळला आहे. जवाला साल असते, ती तळाच्या जाळीवर पसरते आणि तिच्यातून रस वाट काढतो. गव्हाला आणि ओट्सना साल नाही. त्यांचा नुसता लगदा बसतो आणि नळातून थेंब येत नाही. तेव्हा काका टाकीसमोर पाट घेऊन बसत आणि नळाला म्हणत, "काय झालं रं? कोन बोललं तुला?"

त्यात काकांच्या मुलीचं लग्न ठरलं. हळदीला व्याह्यांना स्वतःच्या हातची पाजणार, असं काकांनी गावभर सांगून टाकलं. सांगितलं आणि पुढचा घाणा तुंबला. त्याच्या पुढच्या वेळी त्यांना वाटलं, अख्ख्या देशाला कापड पुरवणारं आपलं गाव, गाळायला कापडच लावू. निजामपुऱ्यातल्या लूमवाल्या मित्राकडून कोरं कापड आणून त्यांनी टाकीत अंथरलं. गरम पाणी पडलं आणि आत भिंतीला पोस्टर चिकटवावं अशी लापशी झाली. म्हशीनेसुद्धा तोंड फिरवलं. मित्राला फोन लावला तर तो पोट धरून हसला. "अरे चाचा, लूम का कोरा माल है, मांड लगा हुआ है. पूछ तो लेते." कोऱ्या कापडाला खळ असते, तीच शिजली होती.

काकूंचा संयम तिथे संपला. "अवो, या रविवारी तुंबली ना, तर टाकी भंगारात जाईल न् हळदीला दुकानातले खोके येतील." रविवारचा घाणा चुकला असता तर हळदीपर्यंत दुसरा तयार होणारही नव्हता.

काका शनिवारी स्कूटर घेऊन वीटभट्टीवर गेले आणि तिथे जाळायला ठेवलेल्या भाताच्या तुसाचं पोतं घेऊन आले. अर्धं तूस रस्त्याला उडालं, थोडं त्यांच्या मिशीत राहिलं. "गव्हाला साल न्हाय ना? मग भाताची देतो त्याला." तूस तीनतीनदा धुऊन लगद्यात कालवलं. रविवारी माझी सुट्टी होती, म्हणून मी बघायला उभी होते. नळ उघडला आणि रस आला. काकांना इतका आनंद झाला की त्यांनी नळ पुरता फिरवला. सगळा लगदा एकदम खाली ओढला गेला, घट्ट बसला, आणि धार बंद.

काकू दारातून म्हणाल्या, "बोलवू का भंगारवाल्याला?"

काकांनी नळ बंद केला, लगदा पुन्हा ढवळून मोकळा केला, वरून गरम पाणी घातलं आणि तो बसू दिला. मग माझ्याकडे बघितलं. "पोरी, तू उघड. मना धीर न्हाय. तुज्या हातात भीती हाय, त्याला तीच पायजे."

मी नळाला हात लावला तो खरंच विंचवाला लावावा तसा. केसभर फिरवला. वातीएवढी धार आली. काकू म्हणाल्या, "थोडा अजून." माझं धाडस झालं नाही. खालचं पातेलं भरायला दुपार गेली, आणि पूर्ण वेळ काका नळाशी एक शब्द बोलले नाहीत.

रस भरत आला तेव्हा त्यांनी पेल्यात थोडा घेऊन माझ्यापुढे धरला. "पी. अजून बीअर न्हाय झाली, नुसतं गोड पानी हाय." गरम होतं. आई गव्हाची खीर करायची तिचा वास त्याला होता. मी पेला तोंडापासून लवकर काढला नाही, कारण भरलेले डोळे लपवायला दुसरा आडोसा नव्हता.

हळदीला व्याह्यांनी दोन पेले घेतले आणि तिसरा स्वतः मागितला. काकांनी त्यांना मांडवातून ओढत माझ्यापाशी आणलं. "नळ हिच्या हातात होता. आमच्या घरातली हाय."

मुलगी सासरी गेली. आता बीअर करायची तर मी नळावर बसते आणि काका गप्प बसून धार बघतात. आई फोनवर विचारते, घरमालक कसे आहेत गं? चांगले आहेत, म्हणते मी. पुढे बरंच सांगायचं असतं, पण बीअरशिवाय ते कसं सांगावं हे अजून मला जमलेलं नाही.