मामाने मोडलेला दात

माझा मामा माणसांना चेहऱ्यावरून ओळखत नाही, दातांवरून ओळखतो. एकदा आम्ही दोघं बस स्टॉपवर उभे होतो. समोर एक गृहस्थ फोनवर खदाखदा हसत होते. मामाने मला कोपराने ढोसलं आणि कानात म्हणाला, "वरचा डावा सुळा आपला!" ज्याच्या सुळ्यासाठी मामाने दोन दिवस डोळे फोडले होते, तो माणूस मामालाच "जरा सरका" म्हणून बसमध्ये चढला. मामा मात्र पोरगं वर्गात पहिलं आल्यासारखा खूश.

मामा दातांचा डॉक्टर नाही. हे आधीच सांगावं लागतं, कारण नातेवाईक त्याला बघितलं की आ वासून उभे राहतात. डॉक्टर दात घासून लहान करतात, त्याचं माप घेतात. ते माप मामाकडे येतं आणि मामा त्यावरून कॅप बनवतो, ब्रिज बनवतो, झालंच तर पुढच्या दातांवर चिकटवायचे नखाएवढे पातळ पापुद्रेही. कारखाना म्हणजे एका दुकानामागची खोली. एक छोटी भट्टी, एक भिंगाचा दिवा आणि फळीवर ओळीने मांडलेले प्लास्टरचे जबडे. प्रत्येकावर नंबर, नाव नाही, चेहरा नाही.

"बरं असतं. जबडे बोलत नाहीत," असं मामा म्हणतो आणि माझ्या आईकडे बघतो.

आई त्याची मोठी बहीण. ती बारा वर्षांची आणि तो नऊचा असताना ती नळाला तोंड लावून पाणी पीत होती. मामाने गंमत म्हणून मागून टपली मारली. पुढच्या दाताचा अर्धा तुकडा पाण्याबरोबर वाहून गेला. तेव्हापासून आईला हसू आलं की डावा हात आपोआप तोंडावर जातो. घरातल्या झाडून सगळ्या फोटोंत तो हात आहे. लहानपणी मला वाटायचं, आया अशाच हसतात.

या धंद्यात कसा आलास, असं विचारलं की मामा म्हणतो, "गणितात नापास झालो." आम्ही माना डोलावतो. वीस वर्षं तो आईच्या मागे लागला होता, "ताई, एकदा माप देऊन टाक." आई म्हणायची, "या वयात मला कुणाला भुलवायचंय?" खरं कारण वेगळं होतं. तो दात म्हणजे तिचं हत्यार होतं. भांडणात मामा वरचढ व्हायला लागला, की ती नुसता वरचा ओठ उचलायची. मामा गप्प.

मागच्या महिन्यात दात ठणकायला लागला. डॉक्टरांनी मुळाचा उपचार केला आणि सांगितलं, आता कॅप बसवली नाही तर दात हातचा जाईल. आईने निमूट माप दिलं. मामाने फळीवरचे बाकीचे जबडे बाजूला सारले. पाच दिवस तो पोर्सिलेनची पूड पाण्यात कालवत होता, बारीक ब्रशने थरावर थर चढवत होता, भट्टीत भाजत होता. रंग जुळवायला त्याने आईला बोलावलंच नाही. "तिचा दात मला पाठ आहे," म्हणाला.

कॅप घेऊन तो स्वतः दवाखान्यात आला. डॉक्टरांनी ती नुसती लावून बघितली आणि आईच्या हातात आरसा दिला. दात देखणा होता. कोवळा, दुधासारखा. शेजारचे दात मात्र पन्नाशी ओलांडलेले, हजारो कप चहा प्यायलेले.

"छान झालाय रे," आई म्हणाली आणि हसली. हात तोंडावर.

मामाने तो हात बघितला. "काढा," तो डॉक्टरांना म्हणाला.

"अरे, असू दे की. चांगला आहे."

"ताई, हा बारा वर्षांच्या मुलीचा दात आहे." मग खाली बघत म्हणाला, "त्यानंतर तुझ्या तोंडाकडे मी कधी नीट बघितलंच नाही."

आईने आरसा बाजूला ठेवला. म्हणाली, "बघशील कसा? मी दात दाखवला तो फक्त भांडतानाच."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मामाने तिला कारखान्यातल्या खिडकीपाशी बसवलं. त्याच्या हातात वेगवेगळ्या छटांच्या नमुन्याच्या दातांची पट्टी. आईचा हात सारखा वर यायचा, म्हणून तो धरून बसायचं काम मला मिळालं.

"मुळाशी पिवळसर," मामा पुटपुटत लिहीत होता. "मध्ये केसासारखी उभी रेघ. खालची कड झिजलेली."

उघड्या तोंडाने उलट बोलता येत नाही, याचा तो पुरेपूर फायदा घेत होता. पण दात सुकले की पांढरे दिसतात, म्हणून दर दोन मिनिटांनी त्याला "तोंड मीट" म्हणावं लागे. तेवढ्यात आई सगळं वसूल करायची.

"म्हातारी झाले म्हण की सरळ!"

"झालीच आहेस. उघड."

अर्धा तास तो बघत होता. हळूहळू माझ्या मुठीतला हात सैल पडला.

नवी कॅप बसली, त्या दिवशी मामा आमच्याकडेच थांबला. बाबा कामावरून आले, तसं त्याने त्यांना दारातच गाठलं.

"भावोजी, सांगा बघू, नवा कोणता?"

बाबांनी चष्मा लावला, आईला दिव्याखाली उभं केलं, बराच वेळ निरखलं आणि शेजारच्या, मूळच्या तिच्याच असलेल्या दातावर बोट ठेवलं. "हा! लगेच कळतंय."

आईला हसू फुटलं. डावा हात निघाला, अर्ध्या वाटेत आला आणि कशासाठी निघालो होतो ते विसरल्यासारखा तिथेच थांबला. मग त्याच हाताने तिने मामाच्या डोक्यात सणसणीत टपली हाणली. "ही नळाजवळची!"

मामाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. दात सांभाळतोय, म्हणाला. डोळे का पुसलेस, ते मी विचारलं नाही. गणितात नापास झालो, असंच काहीतरी सांगितलं असतं.