खिंडूचा दात

माझ्या भावाला तुम्ही पाहिलंय. नाही म्हणू नका. तुम्ही पन्नाशीच्या आसपास असाल, तर लहानपणी संध्याकाळी साडेसातला टीव्हीसमोर बसून त्याला पाहिलंच असणार. वरचा पुढचा एक दात नसलेला, त्या खिंडीतून जिभेचं टोक बाहेर काढून हसणारा सहा वर्षांचा पोरगा. मालिकेत त्याला खिंडू म्हणायचे. तुम्हीही आरशासमोर तसं करून बघितलं असेल आणि आईचा धपाटा खाल्ला असेल.

आज तो रंगाच्या दुकानात काम करतो. तोंडाला लावायचा नव्हे, भिंतीला लावायचा रंग. गिऱ्हाईक शेडकार्डावर बोट ठेवतं, हा मशीनमधून मोजके थेंब सोडतो, डबा घट्ट बंद करून हलवायच्या यंत्रात घालतो, आणि झाकणावर बोटाने एक ठिपका लावून दाखवतो, हाच ना? तेवीस वर्षं झाली.

मी त्याची मोठी बहीण, चांगली आठ वर्षांनी मोठी. घराच्या पुढच्या खोलीत माझं कपडे अल्टर करायचं दुकान आहे. पँट आखूड करून देते, चेन बदलून देते, आणि वजन वाढलेल्यांना कपडा धुण्यात आटला असेल म्हणून धीर देते. मी फटकळ आहे असं सगळे म्हणतात, आणि आहेच मी. पण ही एक गोष्ट एकोणचाळीस वर्षं माझ्या तोंडून निघाली नाही. कुणाला सांगणार? आपलेच दात आणि आपलेच ओठ.

आमच्या खालच्या मजल्यावर एक माणूस राहायचा, स्टुडिओत दिवे लावायच्या कामाला होता. तोच एकदा म्हणाला, दात पडलेला पोरगा हवाय, चाळीस बघितले, सगळे लाजतात. भावाचा दुधाचा दात आठच दिवसांपूर्वी पडला होता. आईने त्याचा भांग पाडला आणि घेऊन गेली. डायरेक्टरने नाव विचारलं, तर ह्याने खिंडीतून जीभ काढून दाखवली. झालं, काम पक्कं! दुसऱ्या आठवड्यापासून सकाळी सातला दारात गाडी यायला लागली. बाबा पाठीच्या दुखण्याने वर्षभर अंथरुणावर होते, त्यामुळे आमचं घर त्या सहा वर्षांच्या पोराच्या जिवावर चालायला लागलं, आणि त्यात कुणाला काही वावगंही वाटलं नाही.

पण दात थोडाच मालिकेसाठी थांबतो? सात-आठ महिन्यांत नवा दात वर आला, चांगला रुंद, फावड्यासारखा. मेकअपवाला त्याच्यावर काळं मेण चढवायचा. दिव्याखाली ते चमकायचं, आणि हसता हसता सुटून घशात जायचं. शेवटी डायरेक्टर आईला म्हणाला, "बाई, ह्या दाताचं काहीतरी बघा. नाहीतर आम्हाला दुसरा मुलगा बघायला लागेल." त्याच्या मनात काय होतं देव जाणे. आईला जे कळलं ते मात्र आम्ही अजून भोगतोय.

पहिल्या डॉक्टरने सरळ हाकलून दिलं. "हा पक्का दात आहे. एकदा काढला की संपलं, पुन्हा येत नाही. वेड लागलंय का तुम्हाला?" जिना उतरताना आई पुटपुटत होती, "डॉक्टरांना काय कळतंय! एकदा पडला तर आला ना? परत येईल." मी तिच्यावर विश्वास ठेवला. पंधरा वर्षांची होते, आई म्हणते म्हणजे तसंच असणार. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. आमचं दात उपटून भरणार होतं.

मग घरात तालीम सुरू झाली. भावाला स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसवायचं, आईने चमच्याच्या दांड्याने दातावर टिचकी मारायची, आणि त्याने कळवळून ओरडायचं. बॅटरी माझ्या हातात. आणि शहाणपणाही माझाच, "आधी श्वास आत ओढ, मग ओरड. डोळ्यांत पाणी आलं पाहिजे." अशी मी दिग्दर्शिका! त्याला तिसऱ्या वेळेला जमलं.

दुसरा दंतवैद्य म्हातारा होता. त्याच्याकडे एक्सरे-बिक्सरेची भानगड नव्हती. आईने सांगितलं, जिन्यावरून पडला, आठ दिवस तळमळतोय. म्हाताऱ्याने दातावर हळूच ठोकलं आणि माझा भाऊ असा ओरडला की बाहेर बाकावर बसलेली माणसं उठून उभी राहिली. मी त्याचे सगळे भाग पाहिलेत. त्या खुर्चीत केलं तसं काम त्याने पडद्यावर कधीच केलं नाही. पुढे इंजेक्शन असूनही जे ओरडणं झालं, ते माझ्या तालमीतलं नव्हतं. तोंडात कापूस घेऊन बाहेर आला आणि मला विचारलं, "ताई, चांगलं केलं ना मी?"

मी हो म्हणाले. वर पाठही थोपटली, मेली मी.

त्यानंतर दहा आठवड्यांत मालिका बंद पडली. त्या वेळेला कुठलातरी बक्षिसांचा खेळ लावायचा होता त्यांना. आम्हाला कुणी कळवलंसुद्धा नाही. एका सकाळी गाडी आली नाही, एवढंच. आईने त्याला बूट घालून दारात बसवलं होतं, तो दुपारी बारापर्यंत बसून होता.

दात काही आला नाही. सहा वर्षांच्या पोराची खिंड गोड दिसते, बाराव्या वर्षी तीच खिंड भेसूर दिसायला लागली. कामासाठी जाईल तिथे, "लहानपणी काय गोड होता हो!" म्हणायचे आणि चहा पाजून वाटेला लावायचे. शाळेत, रस्त्यावर, बसच्या रांगेत, जिथे तिथे, "ए खिंडू, जीभ काढ ना!" पोरगा हसायचाच बंद झाला. तोंडावर हात ठेवून बोलायचा. तेविसाव्या वर्षी रंगाच्या दुकानात लागला, तेव्हा मालकाने त्याला एक खोटा दात बसवून दिला. टाळूला गुलाबी पट्टी असते ना, तसला, काढता-घालता येणारा. आणि काय सांगू, त्या दिवसापासून त्याला कुणी ओळखेना. माणूस इतका सुखी झाला! तोंड भरून हसायला लागला, लग्न केलं. तो दात तो बंद दाराआड धुतो. त्याची बायको म्हणते, "एकोणीस वर्षं झाली, वन्सं, मी ती खिंड पाहिली नाही."

आई आता माझ्याकडे असते. दोन वर्षांपासून तिचं डोकं मागे मागे चाललंय. भाऊ रोज दुपारी दीडला, दुकानाच्या जेवणाच्या सुट्टीत, तिच्याजवळ येऊन बसतो. ती त्याला 'रंगवाले' म्हणते. "अहो रंगवाले, बसा." आणि मला कुजबुजत विचारते, "हे गृहस्थ रोज का येतात गं? पोराला अजून सोडलं नाही का स्टुडिओतून?" पोटच्या पोराला अहो-जाहो! तो हसण्यावारी न्यायचा. एकदाच म्हणाला, "ताई, एकदा मला बाळा म्हणाली ना, तर बास. मग काही नको."

गेल्या महिन्यात आईने जेवण सोडलं. "पोर उपाशी कामावर गेलंय आणि मी इथे गिळत बसू? आधी त्याला आणा." चार दिवस नुसतं पाणी. डॉक्टर म्हणाले, नळी घातली तर उपटून टाकतील, तुम्हीच काहीतरी करून भरवा. मी लाडीगोडी केली, ओरडले, रडलेसुद्धा. तिने ओठ घट्ट मिटलेले.

शेवटी मी भावाला म्हटलं, "दात काढ."

"नाही."

"अरे, आई मरेल उपाशी!"

"ताई, निदान तू तरी हे सांगू नको गं," तो म्हणाला.

पाचव्या दिवशी तिची मानही उचलेना. भाऊ आला, तिच्याकडे बघत उभा राहिला, मग बेसिनपाशी गेला आणि आमच्याकडे पाठ केली. परत आला तो ओठ मिटून. पलंगाशी गुडघ्यांवर बसला. सेहेचाळीस वर्षांचा माणूस, दाढीचे खुंट पांढरे, नखांत निळा रंग. त्याने तोंड उघडलं आणि खिंडीतून जिभेचं टोक बाहेर काढलं.

आईचा चेहरा असा उजळला! "आलास? बाळा, किती रे उशीर केला आज गाडीने."

तो रडायलाच लागला. मीही रडत होते, पण हातात मऊ भाताची वाटी होती, तो क्षण घालवून चालणार नव्हता. मी चमचा पुढे केला. आईने तो हाताने बाजूला सारला. तिने त्याची हनुवटी धरली, अंगठा त्याच्या तोंडात घातला आणि हिरडीवरून फिरवला, कापड बघावं तसा, सावकाश.

"नाही आला," ती समाधानाने म्हणाली. "तो पहिला डॉक्टर म्हणालाच होता, पुन्हा यायचा नाही म्हणून. म्हणून तर काढला. आता कसली काळजी नाही."

मग तिने आ केला. भावाने माझ्या हातातून वाटी घेतली आणि घासाघासाने सगळी भरवली. त्याचा हात एकदासुद्धा चुकला नाही. तोंड पुसल्यावर ती झोपून गेली.

तो बेसिनपाशी उभा राहून दात धूत होता, खूप वेळ. पाठमोराच म्हणाला, "तिला माहीत होतं, ताई."

मी आईच्या अंगावरची चादर सारखी केली.

त्याने दात बसवला, आरशात बघितलं, रुमालाने तोंड टिपलं आणि चपला घातल्या.

"उद्या दीडलाच येतो," तो म्हणाला. "भात जरा आणखी पातळ कर, तिला गिळायला जड जातोय."