विलायती सरकीची पट्टी

हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतो — पण मान खाली घालून नाही.

आधी एवढं ऐका: मी एकही बोंड खोटं मोजलं नाही. अमेरिकेत लढाई चालू होती, अमरावतीच्या बाजारात कापसाला कधी नव्हे तो भाव होता. सरकारी कचेरीतून विलायती सरकी आली, ती पेरून पाहायला गावानं माझ्याकडे दिली. का? माझे आकडे चुकत नाहीत म्हणून. विलायतीची पन्नास झाडं, आपल्या जरीची, म्हणजे गावठी कापसाची, पन्नास. विलायतीला बोंडं जवळजवळ दुप्पट. दोनदा मोजली.

चावडीवर मी आकडे सांगितले. सगळ्यांना पटले. फक्त तात्याशास्त्र्यांनी — न्यायशास्त्र, म्हणजे तर्क, शिकवून पोट भरणारा माणूस — विचारलं, "दोन्ही सरक्या एकाच मातीत होत्या काय?"

लोक हसले. ज्यानं कधी डवरा धरला नाही, तो माती विचारतो? माझा मेहुणा गणपत म्हणाला, "भाऊजीनं मोजून आणलं, अन् तुमी बसल्या जागी इचार करून राहिले. काहून खोडा घालता, बुवा?"

लोकांना मोजलेलं पटतं. मलाही पटतं, आजही. मग नुसता विचार का पटत नाही? तो हातात धरता येत नाही म्हणून — की तो मोजणाऱ्याकडे बोट दाखवतो म्हणून?

कारण विलायती मी गावालगतच्या पट्टीत पेरली होती, जिथं साऱ्या गोठ्यांचं खत वाहून येतं. आणि आपली जरी टेकाडाच्या मुरमाड बरडावर. मुद्दाम नाही — पाहुण्याला चांगला पाट द्यावा, तशी नव्या बियाण्याला चांगली जागा दिली. पण शास्त्र्यांनी विचारलं त्या क्षणी मला सगळं कळलं. आणि मी म्हणालो, "हो. एकाच."

पुढच्या साली गणपतनं आपलं सगळं वावर विलायतीनं भरलं; तिथं गोठ्यांचं खत पोचत नाही. झाडं तांबडी पडली, बोंडं हरभऱ्याएवढी राहिली. त्यानं बैलजोडी विकली. लोकांनी हवेला दोष दिला, आणि शास्त्र्यांना — अभद्र बोलले म्हणून. आकड्यांना कुणीच नाही. शास्त्री अकोल्याला निघून गेले.

यंदा कचेरीतून आणखी एक बियाणं आलं. ते माझ्याकडे द्या, असं गणपतच म्हणाला. मी नवं बियाणं आणि आपली जरी, दोन्ही वाणं एकाच मातीत पेरली, शेजारी शेजारी. माझी मोजायची रीत आता पक्की झाली, असं गाव म्हणतं. ती रीत कुणाची, हे मी चावडीवर सांगितलेलं नाही.