भुताच्या फाईलची वंशावळ

सुप्याच्या एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात भूत आहे, असं मी सहा वर्षं सगळ्यांना सांगत आलो. खोक्यांवरची लेबलं छापणारा प्रिंटर पाळी बदलताना मधेच थबकायचा, घरघरायचा आणि पुन्हा चालू व्हायचा. त्याच्या प्रोग्राममध्ये कामावरून गेलेल्या माझ्या जोडीदाराची एक फाईल होती. ‘आलं त्याचं भूत,’ मी म्हणायचो. दर शनिवारी संगणकाला लिंबू-मिरची बांधायचोही मीच. इंजिनिअर माणूस, पण लिंबू निवडून आणायचो.

जोडीदार नेवाशाकडचा. एकदा दोन-दोन खोक्यांवर एकच नंबर छापला गेला आणि टेम्पोभर माल परत आला. मीटिंगमध्ये साहेबांनी विचारलं, चूक कोणाची? प्रोग्रामला शेवटचा हात त्याचा लागलेला, म्हणून सगळे त्याच्याकडे बघायला लागले. खोक्यांचे नंबर माझी फाईल तयार करते हे मला ठाऊक होतं. पण त्या वेळी मी चहाच्या बशीत फार बारकाईने बघत होतो. आठवड्याने त्याला काढलं. नेवाशात त्याने मोबाईल दुरुस्तीचं दुकान टाकलं, असं कानावर आलं.

यंदा त्याचा अर्ज आला. त्याला परत घ्यायचं का, असं साहेबांनी मलाच विचारलं. मला तो समोर नको होता. म्हटलं, प्रिंटर त्याच्याच फाईलमुळे अडतो, पुराव्यानिशी दाखवतो.

आमच्या प्रोग्रामच्या कामात एक साधन असतं. संगणकाच्या काळ्या खिडकीत एक ओळ टाइप करायची, की कोणती फाईल कोणाच्या आधारावर उभी आहे त्याची वंशावळ पडद्यावर उतरते. भर दुपारी मी ती ओळ टाइप केली. प्रिंटर त्याच्या फाईलवर उभा, आणि त्याची फाईल माझ्या फाईलवर. इतकी वर्षं जिला हात लावला नव्हता ती त्याची फाईल मी उघडली. माझ्याकडून नंबर आला की ती थांबून बघायची, हा आधी छापलाय का? छापला असेल तर टाकून द्यायची, दुसरा मागायची. थबकणं ते एवढंच. माझी फाईल अजूनही दर पाळीला तीच चूक करत होती आणि तो दर पाळीला ती झाकत होता. फाईलवर तारीख त्याच्या कामावरच्या शेवटच्या दिवसाची.

तेवढ्यात पाळीचा भोंगा झाला. प्रिंटर थबकला. सहा वर्षांत पहिल्यांदा मला खरोखर भीती वाटली.

वंशावळीचा कागद छापून मी साहेबांपुढे ठेवला आणि बशीपासूनचं सगळं सांगितलं. त्यांनी तो दोनदा वाचला. त्याला घेतो म्हणाले. माझं काय करायचं ते नंतर बघतील.

मग मी त्याला फोन लावला. चूक माझी होती, म्हणालो.

“आत्ता कळलं व्हय गड्या?” तो म्हणाला. “मला तवाच म्हाईत हुतं.”

मग मीटिंगमध्ये बोलला का नाहीस, विचारलं.

“तू बशीत बघत हुतास. म्हटलं, बघू कवा मान वर करतो.”

सोमवारी तो आला. संगणकाचं लिंबू त्याने काढलं, वास घेतला आणि माझ्या टेबलावर ठेवलं. फाईल माझी मीच दुरुस्त केली. प्रिंटर आता थबकत नाही. पण पाळीचा भोंगा झाला की माझा हात थबकतो. समोर तो चहा पीत असतो. मी कप घेतो, बशी नको म्हणतो.