आईनं कापलेली फीत

आमच्या वस्तीला तीन बाजूंनी बंदोबस्त आहे. एका अंगाला रेल्वेलाइन, दुसऱ्या अंगाला राईस मिलची मागची भिंत, तिसरीकडे नाला. चौथ्या बाजूनं बाहेर पडता येतं, पण ती बाजू गोंदियाकडे पाठ करून बसली आहे. बाजार, दवाखाना, शाळा, विहार, सगळं रुळांच्या पलीकडे. पूर्वी तिथं फाटक होतं. फाटकावर ताटकळायचो, फाटकवाल्याला शिव्या घालायचो, मालगाडी गेली की पलीकडे जायचो. ते बंद झालं तेव्हा कळलं की ताटकळणं हीसुद्धा सोयच होती. मग उड्डाणपुलावरून भला मोठा वळसा घालून जावं लागायचं, आणि ऑटोवाला आमच्या वस्तीचं नाव काढलं की मान फिरवायचा.

फाटकाच्या जागी अंडरपास होणार होता. खोदला, आत सिमेंटचे चौकोनी सांगाडे बसवले, दोन्हीकडे उतार केला, आणि मग तोंडावर टिनाचे पत्रे ठोकून माणसं निघून गेली. पाणी उपसायचा पंप राहिला होता, दिवे राहिले होते, पायी जाणाऱ्यांसाठी कठडा राहिला होता. विचारलं की ठेकेदाराचा माणूस म्हणायचा, "हो जाएगा दीदी, बस उद्घाटन की तारीख मिलने दो." तारीख कोण देणार ते त्यालाही ठाऊक नव्हतं. तोवर आम्ही रुळांकडेच्या नव्या भिंतीला पडलेल्या खिंडारातून ये-जा करत होतो. ते चुकीचं होतं, जिवाशी खेळ होता, मला सगळं कळत होतं. पण त्या खिंडाराशिवाय वस्तीचं एक दिवस भागलं नसतं.

माझी आईही तिथूनच विहारात जायची. आम्ही बौद्ध. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत आमचा वर्षावास चालतो. ते तीन महिने विहारात रोज संध्याकाळी ग्रंथ वाचतात. एकानं वाचायचं, बाकीच्यांनी बसून ऐकायचं. आमच्या विहारात वाचणारी म्हणजे आई. लहानपणी तिनं शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. मी पोटात असताना ती प्रौढांच्या वर्गात अक्षरं शिकली. अजूनही ओळीखाली बोट धरते. जोडाक्षर आलं की थांबते, मनातल्या मनात ते फोडते आणि मग मोठ्यानं म्हणते. मी घरी शिवणकाम करते, हाताला घाई असते. तिच्या त्या थांबण्याचा मला वैताग यायचा. विहारातल्या बायका मात्र ती थांबली की थांबायच्या, पुढं निघाली की पुढं निघायच्या. वर्षातले बाकीचे महिने ती माझी आई असायची, नाहीतर गल्लीतली एक म्हातारी. या तीन महिन्यांत ती वाचणारी असायची. सकाळपासून आवाज जपायची, लोणचं खायची नाही.

उन्हाळा सरत आला तरी पत्रे जागचे हलले नाहीत. आमच्या शेजारचे काका मिलमध्ये मुकादम आहेत, हुकूम सोडायची त्यांना सवय. एका सकाळी नळावर सगळे जमले असताना ते म्हणाले, "कोनी येत नाई तं आपनच करून टाकू ना उद्घाटन. लाज तं वाटन त्यायले."

सगळ्यांना हे इतकं पटलं की दुसऱ्याच दिवशी बेत ठरला. साडीच्या फॉलची लाल पट्टी मी दिली, कात्रीही माझीच. नारळ फोडायचा की नाही यावर बराच वाद झाला. आई म्हणाली, "नारळ फोडसान तं मी येत नाई." कापायला वयानं मोठं माणूस हवं होतं आणि वस्तीत आईइतका मान दुसऱ्या कोणाला नव्हता, म्हणून नारळ राहिला. पोरांनी पत्रे बाजूला केले. आईनं वर्षावासात नेसते ती पांढरी साडी नेसली होती. तिनं फीत कापली, टाळ्या पडल्या, आणि ती आमची कोणाची वाट न बघता सरळ आतून चालत पलीकडे गेली. तिकडच्या उतारावर उभी राहून म्हणाली, "किती सोपं आहे व." तिला इतकं खळखळून हसताना मी फार दिवसांनी बघत होते. स्थानिक पेपरात फोटो आला, आणि काका आठवडाभर तो खिशात घेऊन हिंडले.

तो फोटो आमच्यापेक्षा भलत्याच लोकांनी जपून ठेवला होता. चार-आठ दिवसांत मजूर आले आणि त्यांनी खिंडार विटांनी बुजवून टाकलं. मी भांडायला गेले तर त्यांच्यातला एक शांतपणे म्हणाला, "अब तो रास्ता चालू हो गया ना, इसकी क्या जरूरत?" रस्ता खरंच चालू झाला होता. मी आल्या पावली परत फिरले.

मग आषाढ लागला आणि अंडरपासात पाणी भरलं. पंप नव्हताच. नाल्याचं पाणी, मिलचं काळं पाणी, सगळं उतारावरून आत जायचं आणि आतच राहायचं. काका आणि मी रेल्वेच्या कार्यालयात गेलो. साहेबांनी आमचं ऐकून घेतलं आणि मोबाईल आमच्यापुढं धरला. पडद्यावर आई होती, हातात कात्री. "काम अर्धवट होतं तर उघडला कशाला?" ते म्हणाले. "ठेकेदार म्हणतो, लोकांनी ताबा घेतला, माझं काम संपलं. आता देखभाल आमच्याकडे नाही." ज्या दुसऱ्या कार्यालयात पाठवलं तिथं कळलं की रस्ता त्यांच्याकडे कोणी सोपवलेलाच नाही. मी तिथं चिडले, नको ते बोलले. एका बाबूनं पाण्याचा ग्लास पुढं केला. "पाणी आमच्याकडे पुष्कळ आहे," म्हटलं आणि उठले. बाहेर आल्यावर काका नुसते पायऱ्यांवर बसून राहिले. आम्ही सगळ्यांनी मिळून, टाळ्या वाजवून, आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला होता.

वर्षावास सुरू झाला. पहिले काही दिवस आई चपला हातात घेऊन घोट्याएवढ्या पाण्यातून गेली. पाणी गुडघ्याला लागलं तेव्हा मीच अडवलं. तरी रोज संध्याकाळी ती साडी बदलायची, चष्मा पुसायची, उतारापर्यंत जायची आणि त्या काळ्या पाण्याकडे बघून परत यायची. घरी आली की साडी घडी करून ठेवायची. मला शिलाई मशीनवर बसवत नसे. चार भिंतींत एक माणूस नुसतं बसलेलं असलं की घर किती लहान होतं, ते मला त्या पावसाळ्यात कळलं. मला तिची दया यायची आणि रागही यायचा, आणि दोन्ही तिच्यावरच निघायचं.

विहारातल्या बायकांनी फोनवरून वाचायची युक्ती काढली. त्यांनी तिकडे फोन माईकजवळ धरला, इकडे आई बोट धरून वाचायला लागली. दोन पानं झाली, मालगाडी आली, आई थांबली. गाडी गेल्यावर तिनं विचारलं, "आयकून राहिल्या का बाया?" तिकडून फोन कधीच तुटला होता. दुसऱ्या दिवशी तिनं फोन हातात घेतला नाही. "समोर तोंडं नाई तं कोनाले वाचू?" म्हणाली.

एकदा मी हट्टानं ऑटो मिळवला. उड्डाणपुलावर ट्रकांच्या मागं अडकलो आणि पोचेपर्यंत वाचन अर्ध्यावर आलं होतं. कॉलेजात जाणारी एक मुलगी वाचत होती. बोट न धरता, कुठं न अडखळता, स्वच्छ. आईला बघून ती उठली आणि ग्रंथ पुढं केला. बायकांनीही जागा करून दिली. आई दारातच बसली. "वाच बाई, तूच वाच," म्हणाली. परतताना ऑटोत ती एवढंच बोलली, "चांगली वाचते पोरगी." त्यानंतर तिनं संध्याकाळी साडी बदलणं सोडलं. आश्विन पौर्णिमेला समाप्ती झाली, तेव्हाही ती घरीच होती.

थंडीत, पाणी आपोआप आटल्यावर, पंप आला. मोठा मांडव पडला, मोठी माणसं आली, खरी फीत लागली. आईचा शाल देऊन सत्कार करायचा म्हणून मांडवातून दोघं बोलवायला आले. ती म्हणाली, "माये गुडघे दुखून राहिले." तोवर तिनं गुडघ्यांची तक्रार कधी केली नव्हती.

आता अंडरपास कोरडा आहे. दिवे लागलेत, त्यातले निम्मे जळतात. परवा रविवारी मी तिच्या चपला दारात काढून ठेवल्या आणि म्हटलं, "आई, चल, विहारात वंदनेला जाऊ. हळूहळू चालू." ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता तिनं विचारलं, "पावसाळ्यात तो पंप चालन का?"

"मला काय माहीत," मी म्हटलं.

"मंग कायले नेतेस? मोठ्या मुश्किलीनं घरी बसाची सवय लागली मले. आता मोडू नको."