माझ्या पायांवरचा नवस

टायफॉईडमधून मी उठलो तो डॉक्टरांच्या गोळ्यांनी, असं मी तेव्हाही म्हणत होतो आणि आजही म्हणतो. लोणावळ्यात माझ्याखेरीज हे कुणालाच पटलं नाही. साठच्या दशकातली गोष्ट. मी शाळामास्तर, देव न मानणारा, आणि कुणी विचारलं नाही तरी ते सांगत सुटणारा.

दुखण्यातून उठल्यावर सकाळी ओट्यावर उन्हाला बसायचो. तिथं तीन माणसं हटकून जमायची. शेजारच्या निवृत्त नर्सबाई, ख्रिस्ती, माझी नाडी बघायच्या निमित्तानं. पाव घेऊन येणारे बेकरीवाले चाचा. आणि वळवण धरणाच्या पलीकडल्या वाडीतून दूध घालायला येणारी मावशी. बायको चहा ठेवायची, आणि माझ्यासाठी कुणाच्या देवानं किती खटपट केली याची चौकशी मी करायचो.

नर्सबाईंनी रोज जपमाळ ओढली होती. "आमच्याकडे संतांना खाती वाटून दिलेली असतात, मास्तर," त्या म्हणाल्या. "हरवलेल्या वस्तूंना एक, घशाला दुसरा."

"मग टायफॉईडचं खातं कुणाकडे?"

"तेच आठवेना. म्हणून सरळ मेरीमातेकडे गेले."

आमच्या शाळेतही हीच रीत होती. कारकून दाद देईना की लोक हेडमास्तरांच्या आईला गाठायचे.

चाचांनी रोजे धरले होते, तेही दिवसभर भट्टीसमोर उभं राहून. "माझ्यासारखा माणूस तुमच्या अल्लाला चालतो?" मी विचारलं.

"त्याचं त्याला माहीत," चाचा म्हणाले. "मी तर रोज सकाळी चालवून घेतोच ना."

इथवर सगळं मजेत होतं, कारण त्या दोघांनी आपापलं अंग झिजवलं होतं. मावशीनं मात्र परस्पर माझं अंग देऊ केलं होतं. मास्तर बरे झाले तर अनवाणी चालत कार्ल्याच्या देवीला येतील, असा नवस ती बोलून बसली होती.

"मावशी, पाय माझे. तू कोण ते देणारी?"

"आता बोलून गेले," ती म्हणाली. "फेडा न् मोकळं व्हा. नवस ऱ्हायला तर त्यो तुमच्यावर न्हाई, माझ्या घरावर यील. लेक बाळंतपणाला आलीया माझी."

मी ऐकलं नाही. तत्त्व म्हणजे तत्त्व. त्या दिवसापासून तिनं आमच्याकडचा चहा सोडला. म्हैस बिथरली, लेकीच्या पायांवर सूज आली, सगळ्या बातम्या ओट्यावर यायच्या आणि मावशी माझ्या चपलांकडे बघत राहायची. तिचा जीव थाऱ्यावर नव्हता हे मला दिसत होतं. पण मी वादात होतो.

त्यात चाचांनी माझी बाजू घेतली. "आमच्यात मन्नत ज्याची त्यानंच पुरी करायची. दुसऱ्याच्या पायावर टाकता येत नाय." नर्सबाई म्हणाल्या, "आमच्यातही तसंच असावं." मला भलताच जोर चढला. दोन धर्म पाठीशी उभे, नास्तिकाला आणखी काय हवं?

"ऐकलंस?" मी म्हणालो. "एवढं होतं तर तुझे पाय का नाही दिलेस?"

मावशीनं दुधाचं माप किटलीत सोडलं. "दिलतं की. आमचं मालक तापानं पडलं तवा मीच बोलले, मीच अनवाणी गेले. बरं व्हायची वाट बी न्हाई बघितली, आधीच गेले. माघारी आले तर ते गेलतं." तिनं पदर सारखा केला. "आईला माझं पाय पसंत न्हाईत, मास्तर. म्हून या टायमाला तुमचं दिलं."

चाचा पावाची टोपली उगाच झाकू लागले. माझ्याकडे मुद्दे पुष्कळ होते, पण मी पायांतल्या चपला काढून ओट्याखाली सरकवल्या.

रविवारी निघालो. चाचांनी वाटेसाठी पाव बांधून दिले, नर्सबाईंनी आयोडीन आणि पट्ट्या. थंडीचे दिवस, गारठलेली डांबरी सडक, पुढे मावशी आणि मागे लंगडत मी. ट्रकवाले हसत पुढे जात होते. कार्ल्याच्या फाट्यापर्यंत मला देवीपेक्षा खडी टाकणारा कंत्राटदारच जास्त वेळा आठवला.

डोंगर चढून वर गेलो. देवीचं देऊळ लेण्याच्या दारातच आहे. देवाबद्दल फारसं न बोललेल्या बुद्धाच्या अंगणात ती निवांत नवस ऐकत बसलेली असते. माझ्यासारख्याला ही शेजारसोय बरी वाटली.

गाभाऱ्यासमोर मावशी वाकली, पण आधी देवीपुढे नाही. माझ्या पायाची धूळ तिनं पदरानं पुसली, टाचेला रक्त आलं होतं ते निरखून बघितलं. मग शेजारणीशी बोलावं तशी देवीला म्हणाली, "बघ, आलं मास्तर चालत. आता माझ्या लेकीकडं बघ."

मी हाताची घडी घालून उभा होतो. जोडायची सवयच नव्हती. मनात म्हणालो, बाई, मी तुला मानत नाही, ते आपलं आपण मागाहून बघू. आधी हिच्या लेकीचं बघ.